सयाजीराव चांगले होते, म्हणून राजेशाही चांगली का?

पोळकर:

बडोद्यात पाणी तुंबलं, पूल बंद पडला, की कोणीतरी हमखास म्हणतं, "महाराज असते तर ही वेळ आली नसती." महाराज म्हणजे बडोदा संस्थानचे राजे तिसरे सयाजीराव गायकवाड. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी घरांत शिरली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे वाक्य रोज येत होतं. त्यामागची माया मला कळते. अजवा तलावाचं पाणी आजही शहराला मिळतं, कमाटीबागेत आपली चौथी-पाचवी पिढी खेळते आहे, आणि ज्या विद्यापीठात आपल्यातले अर्धेअधिक शिकले त्यालाही सयाजीरावांचंच नाव आहे. पण या वाक्यातून जो निष्कर्ष काढला जातो, की राजाच हवा, तो मला बडोद्याच्याच इतिहासाला धरून वाटत नाही. म्हणून हा धागा.

"महाराज असते तर" म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे एकच महाराज असतात. गादीवर मल्हाररावही बसले होते. भावाच्या, म्हणजे खंडेरावांच्या, खुनाचा कट केल्याच्या आरोपावरून ते पादऱ्याला कैदेत होते. १८७०मध्ये खंडेराव वारले आणि कैदेतला माणूस गादीवर आला. विधवा जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या. मुलगी झाली, म्हणून मल्हाररावांची गादी पक्की झाली. मुलगा झाला असता तर चित्र वेगळं असतं. लाखो रयतेचं भवितव्य एका बाळंतपणावर टांगलेलं होतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुन्न झालो. पुढची पाच वर्षं रयतेने भोगली. १८७५मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, फेअर यांच्यावरच्या विषप्रयोगाच्या आरोपाची चौकशी झाली, चौकशी मंडळात एकमत झालं नाही, आणि शेवटी गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केलं गेलं.

मग जमनाबाईंनी दत्तक घेतला तो नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव. बारा वर्षांचा, शेतकरी घरातला, गायकवाडांच्या दूरच्या शाखेतला. त्याला शिकवायला इलियटसाहेब नेमले, राज्य सांभाळायला दिवाण टी. माधवराव होते, आणि २८ डिसेंबर १८८१ला त्याच्या हाती पूर्ण अधिकार आले. म्हणजे ज्या राजाच्या नावाने आपण राजेशाहीचं कौतुक करतो, तो थेट वारसाहक्काने आलेला नव्हता. थेट वारसाहक्काने आले होते ते मल्हारराव. सयाजीराव निवडून आणलेले, अनेक वर्षं घासूनपुसून तयार केलेले प्रशासक होते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मल्हाररावांना काढता आलं, पण काढलं कोणी? व्हाइसरॉयने. प्रजेने नाही. उद्या व्हाइसरॉयला मल्हारराव सोयीचे वाटले असते तर ते राहिले असते. आणि खुद्द सयाजीरावांनाही १९११च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे रिवाजाप्रमाणे लवून मुजरा केला नाही, पाठ फिरवली, म्हणून केवढा मनस्ताप झाला. आपला राजासुद्धा कोणाच्या तरी मर्जीवरच होता.

आज जगात जिथे राजे टिकले आहेत तिकडे पाहिलं तर एक गोष्ट दिसते. नेपाळच्या ज्ञानेंद्रांनी १ फेब्रुवारी २००५ला सगळी सत्ता स्वतःकडे घेतली. २८ मे २००८ला संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपवली. त्याच वर्षी भूतानच्या राजघराण्याने लोकांना संविधान दिलं, निवडणुका घेतल्या, आणि ते आजही गादीवर आहे. सत्ता धरून ठेवणारा गेला, सोडणारा राहिला.

माझं मत असं, की राजेशाही आजच्या काळात चालू शकते ती फक्त तिथे, जिथे ती बंद करायची किल्ली लोकांच्या हातात आहे. बाकीच्या ठिकाणी ती नशिबाचा खेळ आहे. तुम्हाला काय वाटतं? बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, तिन्हीकडच्या मंडळींनी लिहावं ही विनंती.

रावपुराकर:

पोळकर भाऊ, धागा चांगला काढलात, पण एक हिशेब तुम्ही मांडलाच नाहीत.

सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेली तालुक्यातल्या गावांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. मुलींसकट. नामदार गोखल्यांनी बडोद्याचा दाखला देऊन १९११मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात तसंच विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं. एका राजाने ठरवलं आणि झालं. मंडळाने चर्चा केली आणि बुडवलं. पुढे स्वातंत्र्य आलं, लोकशाही आली, आणि शिक्षणाच्या हक्काचा कायदा व्हायला २००९ उजाडलं. या शंभर वर्षांत जी मुलं शाळेबाहेर राहिली त्यांना लोकशाहीचं कौतुक कसं सांगणार?

लोकांना जे आज नको आहे पण उद्या लागणार आहे, ते करायची हिंमत मतांवर अवलंबून असलेल्या माणसाला होत नाही. विधवाविवाहाला कायद्याचं संरक्षण, बालविवाहाला बंदी, हिंदूंना घटस्फोटाचा कायदा (तोही १९३१मध्ये), यातली एकही गोष्ट त्या काळी मतदानाला टाकली असती तर पडली असती.

आणि नुसता मानाचा राजा म्हणाल तरी त्याचा उपयोग असतो. १९४०मध्ये जर्मन फौजा नॉर्वेत घुसल्या आणि तिथल्या नाझीधार्जिण्या क्विसलिंगला पंतप्रधान करा म्हणाल्या. राजे हाकोन मंत्रिमंडळाला म्हणाले, तुम्हाला हे मान्य करायचं असेल तर मी गादी सोडतो. त्या एका नकाराने देश उभा राहिला. पक्षाच्या बाहेरचा, निवडणुकीची चिंता नसलेला एक माणूस देशाच्या माथ्यावर असणं ही मला आजही मोलाची गोष्ट वाटते.

राजवाड्याजवळ_इंदूर:

रावपुराकर काका, आमच्याकडचं उदाहरण देतो. होळकरांच्या घरात अहिल्याबाई झाल्या. सून, विधवा, आणि तरीही मल्हाररावांनी (आमच्या मल्हाररावांनी) त्यांना कारभारात तयार केलं. त्याच घरात तिसरे तुकोजीराव झाले. १९२५मध्ये मुंबईत मलबार हिलवर बावला यांचा खून झाला, मुमताज बेगमवर हल्ला झाला, धागेदोरे इंदूर दरबारापर्यंत पोचले, आणि १९२६मध्ये तुकोजीरावांना गादी सोडावी लागली. कारखाना एकच, त्यातून दोन्ही प्रकारचा माल निघाला. आणि देशात असे साडेपाचशेच्या वर कारखाने होते. आपण त्यातले सयाजीराव, कोल्हापूरचे शाहू महाराज, म्हैसूर, त्रावणकोर अशी बोटांवर मोजण्याइतकी नावं घेतो. बाकीच्यांच्या रयतेचं काय झालं ते कोण सांगणार?

वडाखाली:

मी बडोद्याची, पण माझ्या घरात "महाराज असते तर" हे वाक्य वेगळ्या सुरात म्हटलं जातं. आमच्याकडे सयाजीराव म्हणजे बाबासाहेबांना शिकायला पाठवणारे राजे. १९१३, कोलंबिया, महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं राज्याची नोकरी करायचा करार. हे ऋण आम्ही कधी विसरलो नाही, विसरणारही नाही.

पण पुढची गोष्टही याच शहरात घडली. करार पाळायला बाबासाहेब १९१७मध्ये बडोद्याला आले. महाराजांचा हुकूम होता, हुद्दा होता. राहायला जागा कोणी दिली नाही. नाव लपवून पारशी धर्मशाळेत उतरले, तिथून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. कचेरीत शिपाई लांबून कागद फेकायचे. महाराजांपर्यंत गाऱ्हाणं गेलं, महाराजांनी दिवाणांना भेटायला सांगितलं, दिवाणांनी असमर्थता दाखवली. कमाटीबागेत झाडाखाली बसून ते रडले आणि मुंबईच्या गाडीत बसले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

मला रावपुराकर काकांना आदराने विचारायचं आहे. अस्पृश्यांसाठी शाळा उघडणारा, देशातला बहुधा सर्वांत पुढारलेला राजा, आणि त्याच्या राजधानीत त्याच्याच अधिकाऱ्याला एक खोली मिळू नये? राजा हुकूम काढू शकला, पण त्या हुकमाच्या बाजूने उभं राहायला कोणी नव्हतं, कारण तो कायदा कोणीच स्वतःचा मानलेला नव्हता. आणि ज्याला बाहेर काढलं त्याला दाद मागायला महाराजांची मेहेरबानी सोडून दुसरं दार नव्हतं. पुढे याच माणसाने संविधानात अस्पृश्यता बंद करणारं कलम १७ आणलं, हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ देणारं कलम ३२ आणलं. अस्पृश्यता आजही संपलेली नाही, हे मला कोणी सांगायला नको. पण आज माझ्या भावाला घर नाकारलं तर तो न्यायालयात जातो, दरबारात अर्ज घेऊन उभा राहत नाही. माझ्यासाठी सगळा फरक इथे आहे.

नवा_मांडवीकर:

वडाखाली ताई, +१००. शाळेत शिष्यवृत्तीचा भाग शिकवला होता, धर्मशाळेचा नाही.

आमच्या पिढीला राजघराणं म्हणजे लक्ष्मी विलास पॅलेसचं तिकीट, फतेहसिंह म्युझियममधली रविवर्म्याची चित्रं आणि नवरात्र. तेवढी भूमिका मला पुरेशी वाटते. वारसा सांभाळा, लोकांना दाखवा. त्यासाठी मुकुट कशाला लागतो?

लष्करवाली:

ग्वाल्हेरहून. आमच्याकडे अजून "महाराज" हे संबोधन बाजारात सहज ऐकू येतं. बाहेरच्यांना वाटतं इथले लोक अजून मुजरे घालतात. तसं नाही. हा मान आहे, आणि मान देणारे लोकच मतपेटीपाशी वेगळे वागतात. २०१९मध्ये गुण्यात आमच्या महाराजांना, ज्योतिरादित्य शिंद्यांना, मतदारांनी हरवलं, २०२४मध्ये पुन्हा निवडून दिलं. दोन्ही वेळा निर्णय मतदारांचा. मला यात लोकशाहीचा विजय दिसतो, आणि धोकाही दिसतो. धोका असा, की साध्या घरातल्या कार्यकर्त्याला जिथे पोचायला तीस वर्षं लागतात तिथे आडनाव असलेला माणूस पहिल्या दिवशी उभा असतो. ही फक्त राजघराण्यांची गोष्ट राहिलेली नाही. ज्यांच्या घरात कधी गादी नव्हती त्यांच्याही घरात आता आमदारकी वारशाने उतरते.

तनख्यांचाही, म्हणजे राजांना सरकारकडून मिळणाऱ्या वार्षिक रकमांचाही, विषय निघायला हवा. विलीनीकरणाच्या वेळी सरकारने राजांना शब्द दिला होता. बडोद्याला वर्षाला साडेसव्वीस लाख, ग्वाल्हेरला पंचवीस, इंदूरला अठरा. संविधानात कलम २९१ घालून तो शब्द पक्का केला. १९७०मध्ये तनखे बंद करणारं विधेयक राज्यसभेत अगदी थोडक्यात पडलं, तेव्हा राष्ट्रपतींच्या हुकमाने राजांची मान्यताच काढली. माधवराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १५ डिसेंबर १९७०ला जिंकले. मग सव्विसावी घटनादुरुस्ती झाली आणि तनखे कायमचे गेले. तनखे जायलाच हवे होते, असं मी ग्वाल्हेरची असून म्हणते. पण पहिली पद्धत चुकीची होती आणि न्यायालयाने ते सांगितलं, हेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. एका रात्रीत हुकमाने काही काढून घेणं ही राजांची रीत. प्रजासत्ताकाने ते संविधान बदलूनच करायला हवं होतं, आणि शेवटी तसंच झालं.

पोळकर:

लष्करवाली, त्या घटनादुरुस्तीची तारीख २८ डिसेंबर १९७१. सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले त्याला त्या दिवशी बरोबर नव्वद वर्षं झाली होती. योगायोग आहे, पण बडोदेकराला तो दिसल्याशिवाय राहत नाही.

रावपुराकर काका, तुमचा शिक्षणाचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत जड मुद्दा आहे. पण गोखल्यांचं विधेयक ज्या मंडळाने पाडलं ते लोकांनी निवडलेलं नव्हतं. त्यात सरकारी अधिकारी आणि नेमलेले सभासद यांचं पारडं जड होतं. विधेयक पाडलं साम्राज्याने, लोकांनी नाही. १९१८मध्ये मुंबई कायदेमंडळात विठ्ठलभाई पटेलांनी नगरपालिकांना सक्तीचं शिक्षण सुरू करायची मुभा देणारा कायदा मंजूर करून घेतला. विठ्ठलभाई सरकारी अधिकारी नव्हते, लोकप्रतिनिधी होते. स्वतंत्र भारताने उशीर केला हे मात्र खरं, आणि त्याचा राग मलाही येतो. पण त्या उशिराबद्दल सरकारला जाब विचारणारे लोक होते, मोर्चे होते, न्यायालयाचे निकाल होते. शेजारच्या एखाद्या संस्थानात राजाला शाळा नको होत्या, तिथे कोणाला जाब विचारायचा होता?

बडोद्यातही धारासभा, म्हणजे कायदेमंडळ, १९०८च्या सुमाराला आली, पण तिला सल्ल्यापलीकडे फारसा अधिकार नव्हता. प्रजामंडळाला, म्हणजे रयतेच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेला, जबाबदार राज्यपद्धतीची मागणी वर्षानुवर्षं करावी लागली. सयाजीरावांनी वाचनालयं दिली, शाळा दिल्या, न्यायखातं कारभारापासून वेगळं केलं. सत्ता मात्र दिली नाही. माझ्या मनातला आदर यामुळे कमी होत नाही, पण ही उणीव आपण बोलायला हवी. ते १९३९मध्ये गेले. नातू प्रतापसिंहराव आले, खजिन्यातून उचललेल्या रकमांवरून वाद झाला, आणि १९५१मध्ये भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली. एवढ्या मोठ्या राजानंतर बारा वर्षांत ही वेळ आली.

हेगवासी_बडोदेकर:

मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे राजा आहे, एप्रिलअखेर राजाच्या वाढदिवसाला सगळा देश नारिंगी होतो, लोकांना ते आवडतं. पण २०१२पर्यंत निवडणुकीनंतर सरकार जुळवायच्या कामात राणीचा हात असायचा. संसदेने आपले नियम बदलले आणि ते काम स्वतःकडे घेतलं. गाजावाजा नाही, क्रांती नाही. लक्झेंबर्गमध्ये २००८ला ग्रँड ड्यूकने इच्छामरणाच्या कायद्याला मान्यता द्यायला नकार दिला, तर संसदेने संविधान दुरुस्त करून त्याच्या मान्यतेची गरजच काढून टाकली.

रावपुराकर काका, हाकोनचं उदाहरण मला फार आवडलं. फक्त त्याला एक जोड देतो. १९०५मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला तेव्हा या डॅनिश राजपुत्राला गादी देऊ केली गेली. तो म्हणाला, आधी लोकांना विचारा. जनमत घेतलं, सुमारे ७९ टक्के लोकांनी राजेशाहीला होकार दिला, मग तो आला. १९४०च्या त्याच्या नकारात जे बळ होतं ते मला १९०५च्या त्या होकारातून आलेलं दिसतं.

उलट थायलंड बघा. तिथे राजाचा अपमान केल्यास कलम ११२खाली प्रत्येक गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षं कैद आहे. तोही संविधानात्मक राजाच म्हणवला जातो.

निवृत्त_मास्तर:

सगळं वाचलं. मी प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणून सक्तीच्या शिक्षणाबद्दल थोडं लिहितो. "राजाने ठरवलं आणि झालं" इतकं ते सोपं नव्हतं. मुलांना शेतातून, गुरांमागून काढून शाळेत आणायचं होतं. पालकांना दंड होत असे आणि तो वसूल करणं म्हणजे गावाशी वैर. शिक्षक नव्हते, ते तयार करावे लागले. मुलगी शाळेत पाठवायची तर शिक्षिका हवी, म्हणून बायकांना अध्यापनाचं शिक्षण द्यावं लागलं. आधी एका तालुक्यात करून पाहिलं, तेरा वर्षं अनुभव घेतला, मग राज्यभर नेलं. वाचनालयांचंही तसंच. अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डेन यांना १९१०मध्ये आणलं, मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, आणि खेड्यांत लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तकं पाठवली. शिकलेला मुलगा गावात बसून पुन्हा अडाणी होऊ नये ही काळजी त्यामागे होती. मला वाटतं या माणसाचं खरं मोठेपण या धीमेपणात आहे, हुकमात नाही. आज कोणत्याही शिक्षणाधिकाऱ्याला हे करता येईल. त्याला गादी लागत नाही, एका जागी पुरेशी वर्षं आणि पाठीशी उभं राहणारं सरकार लागतं.

आणखी एक सांगतो, रागावू नका. आपण बडोद्याचे मराठी लोक गायकवाडी आठवतो तेव्हा त्या आठवणीत आपल्या आजोबा-पणजोबांच्या नोकऱ्याही असतात. दांडिया बाजारातले, रावपुऱ्यातले किती वाडे दरबारी पगारावर उभे राहिले. आपल्या गुजराती शेजाऱ्यांनाही सयाजीरावांबद्दल प्रेम आहे, कारण त्यांनी कारभार गुजरातीत चालवला, शाळा गुजरातीत काढल्या. पण प्रजामंडळात मोठ्या संख्येने गेले ते तेच लोक. त्यांना चांगला राजा असूनही मत हवं होतं. आपल्याला ते तितकंसं हवंसं वाटलं नाही, याचा विचार व्हायला हवा.

वडाखाली:

मास्तर, तुमचा दुसरा परिच्छेद मी आईला वाचून दाखवला. तिने तो पुन्हा वाचायला लावला.

रावपुराकर:

माझ्या पणजोबांची नोकरी खरोखरच दरबारी होती, मास्तर, आणि त्याचा मला अभिमान आहे. तरीही माझं म्हणणं मी सोडत नाही. पाच वर्षांच्या पुढचा विचार करणारी एक तरी जागा राज्यव्यवस्थेत असली पाहिजे. ती राजाची नसेल तर कोणाची, हे कोणी सांगितलेलं नाही. आणि पोळकर, तुम्ही भूतानचं कौतुक केलंत, पण तिथे वरून मिळालेल्या लोकशाहीला किल्ली लोकांच्या हातात आहे असं कसं म्हणता?

पोळकर:

काका, भूतानच्या संविधानातच ती आहे. राजाने ६५व्या वर्षी निवृत्त व्हायचं. त्याने संविधान मोडलं तर संसदेने तीन चतुर्थांश मतांनी ठराव करायचा आणि मग देशभर जनमत घ्यायचं. हे कलम अजून कधी वापरावं लागलेलं नाही, म्हणून ते किती खरं हे वेळ आल्यावरच कळेल, इतपत तुमची शंका मी मान्य करतो.

लांबच्या विचाराची जागा कोणाची, यावर माझं उत्तर: न्यायालय, विद्यापीठ, निवडणूक आयोग, महालेखापाल. म्हणजे ज्या संस्थांना पाच वर्षांची मुदत बांधत नाही त्या. बडोद्याचंच सांगायचं तर १९०८ची आपली बँक ऑफ बडोदा गायकवाडी गेल्यावरही चालली, १९६९मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यावरही चालली. विद्यापीठ १९४९मध्ये झालं आणि त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या हंसा मेहता, दिवाण मनुभाईंच्या कन्या, ज्या स्वतः संविधान सभेत बसल्या होत्या. यातल्या प्रत्येक संस्थेवर आज दबाव आहे हे मला ठाऊक आहे. मग आपली शक्ती तिथे लावू. विश्वामित्रीच्या पात्रात आणि पूररेषेत बांधकामाला परवानगी कोणी दिली, हे माहिती अधिकारात विचारता येतं. आमच्या सोसायटीतून आम्ही अर्ज लिहितो आहोत. काका, तुम्ही कचेरीची भाषा जाणता, मसुदा पाहाल का? व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

रावपुराकर:

पाठवा. प्रश्न आकड्यांत विचारा आणि कालावधी नक्की लिहा, नाहीतर उत्तर येतं "माहिती उपलब्ध नाही". राजाबद्दलचं आपलं भांडण चालू राहील.